सहाव्या सूचनेवर अडलेली वायर

पत्रकवाल्यांचं आयुष्यभराचं दुःख एकच. त्यांनी लिहिलेलं कुणी वाचत नसे.

आता लिहिणाऱ्या सगळ्यांचीच ही रड असते म्हणा. पण कवीचं कुणी वाचलं नाही तर कवी तेवढा हिरमुसून बसतो, बाकी कुणाचं काही बिघडत नाही. पत्रकवाल्यांचं वाचलं नाही तर मिक्सर जळायचा. घरगुती यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत एकतीस वर्षं त्यांनी माहितीपत्रकं लिहिली. पंखा, इस्त्री, गिझर, टोस्टर. खोका उघडला की थर्माकोलच्या खाली चार घड्यांचा कागद निघतो ना, तो. तो कागद माणसं काय करतात? कपाटाच्या खणात पसरतात, नाहीतर डगमगत्या टेबलाच्या पायाखाली घालतात. पत्रकवाले पाहुणे म्हणून कुठेही गेले की आधी टेबलाखाली वाकून बघत. तीन घरांत त्यांना स्वतःचं लिखाण सापडलं होतं. खुद्द त्यांच्या बायकोने लग्नानंतर आजवर एकही यंत्र पत्रक वाचून सुरू केलं नव्हतं. "बटण असतं ना त्याला? मग!" एवढंच तिचं म्हणणं.

अख्ख्या जगात त्यांना एकच वाचक मिळाला, आणि तो बरोबर डोक्यावर राहायचा. वरच्या मजल्यावरचे प्रूफवाले. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्यांचा जन्म गेला. डोळ्यांवर जाड भिंगं, कानामागे पेन्सिल. पत्रकवाल्यांचं प्रत्येक नवं पत्रक ते मागून घ्यायचे आणि दोन दिवसांनी परत द्यायचे. परत यायचं तेव्हा समासात शेरे भरलेले असायचे. त्यातला लाडका शेरा एकच: "अनावश्यक." आणि शेवटी, तळाला, बारीक अक्षरात: "नजरेखालून गेले."

ते 'अनावश्यक' पत्रकवाल्यांना फार लागायचं. चार दिवस जेवण गोड लागत नसे. तरी पाचव्या दिवशी नवीन पत्रक घेऊन ते स्वतःच जिना चढायचे. वाचक कितीही खवट असला तरी तो सोडवत नाही.

हे सगळं नऊ वर्षांपूर्वी संपलं. पत्रकवाल्यांच्या न्हाणीघराच्या छताला ओल आली. साधा माणूस वर जाऊन सांगतो, "अहो, तुमचं पाणी झिरपतंय." पत्रकवाल्यांनी इमारतीच्या फळ्यावर पत्रक लावलं! 'न्हाणीघर-वापर: वरच्या मजल्यावरील रहिवाशांसाठी अकरा सूचना.' पहिलीच सूचना अशी, की पाणी हा द्रव पदार्थ असून तो वरून खाली वाहतो. दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यासमोर ही गर्दी. अकरापैकी नऊ सूचनांपुढे पेन्सिलीने 'अनावश्यक', आणि तळाला: "मूळ तक्रार काय आहे ते कळत नाही. नजरेखालून गेले." पत्रकवाल्यांचं पत्रक आयुष्यात पहिल्यांदा पन्नास माणसांनी वाचलं, आणि तेही पोट धरून हसत. त्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण पत्रकवाले ती स्वतःहून सांगायचे नाहीत. पंधरा दिवसांनी प्लंबर आला आणि त्याने शोधून काढलं, की गळती पत्रकवाल्यांच्याच गिझरच्या नळीची होती. वरच्यांचा काडीचा संबंध नव्हता. पत्रकवाल्यांनी प्लंबरला चहा पाजला, बिस्किटं दिली, आणि म्हणाले, "हे आपल्यातच राहू द्या." आणि ते खरंच राहिलं. चौदा महिन्यांपूर्वी प्रूफवाले गेले तरी राहिलं. पत्रकवाले खाली आवारात शेवटच्या दर्शनाला गेले, मागच्या रांगेत उभे राहिले, आणि तसेच घरी परतले.

तर असा हा माणूस. आणि एका सोमवारी सकाळी प्रूफवाल्यांच्या पत्नी, म्हणजे वरच्या वहिनी, स्वतः त्यांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"भावजी, मी रविवारी लेकीकडे जातेय. कायमची. जागा विकली. तिने मला नवा लॅपटॉप दिलाय. ह्यांच्या जुन्या कॉम्प्युटरमधलं सगळं मला त्यात हवंय. कॉम्प्युटर काही नेता येणार नाही, रविवारी भंगारवाला उचलणार आहे."

"करून टाकू की वहिनी! पेन ड्राईव्ह—"

"त्याची भोकं मेलीयत. आत पाल मेली होती, तेव्हापासून. दुकानवाला म्हणतो, इथे आणा, उघडून बघतो. मला उघडून बघायला नकोय." वहिनींचा आवाज जरा खाली आला. "शेवटची दोन वर्षं हे रोज चारनंतर बसून काहीतरी टाईप करायचे. काय ते मला कधी सांगितलं नाही. मी खोलीत गेले की हसायचे. मला वाटतं, माझ्यावरच काहीतरी लिहीत असतील. म्हणून ते दुसऱ्या कुणी बघायचं नाही. दुकानवाल्यानेही नाही आणि तुम्हीही नाही. मी माझ्या हाताने करणार. तुम्ही फक्त कागदावर लिहून द्या, काय काय करायचं ते. तुमचं कामच ते ना?"

एकतीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी पत्रक मागायला आलं होतं!

जुन्या कॉम्प्युटरचं एकच भोक शाबूत होतं, मागचं, नेटच्या वायरीचं. त्यातून सरळ एक वायर नव्या लॅपटॉपला जोडली की दोघं एकमेकांशी बोलतात. मध्ये इंटरनेट नको, दुकान नको, तिसरा माणूस नको. पत्रकवाल्यांना हे ठाऊक होतं. प्रश्न एवढाच, की ते साठी उलटलेल्या, आजवर कॉम्प्युटरला फक्त फडक्याने पुसलेल्या बाईला कागदावर कसं सांगायचं. पत्रकवाले दुपारपर्यंत बसले आणि त्यांनी चौदा पानं लिहिली. प्रस्तावना होती. 'संगणकाचा संक्षिप्त इतिहास' होता, तो मणी मोजण्याच्या चौकटीपासून सुरू होत होता. धोक्याच्या सूचना दोन पानं होत्या. प्रत्यक्ष कृती नवव्या पानावर सुरू व्हायची, आणि त्यातली सहावी सूचना अशी: "तदनंतर वायरीचे द्वितीय टोक संबंधित संगणकाच्या पृष्ठभागी असलेल्या योग्य त्या खोबणीत योग्य त्या दिशेने प्रस्थापित करावे."

वाचून पत्रकवाले स्वतःच खूश झाले.

पण कंपनीची शिस्त अंगात मुरलेली. चाचणी झाल्याशिवाय पत्रक बाहेर जायचं नाही. त्यांनी ठरवलं, आधी आपल्या खालच्या कॉम्प्युटरवर करून बघायचं. एक लांब वायर वहिनींच्या खिडकीतून खाली सोडायची, एक टोक वरच्या जुन्या कॉम्प्युटरला वहिनी लावतील, दुसरं टोक आपण आपल्या कॉम्प्युटरला लावू. त्यांनी पत्रक 'चाचणी' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलं आणि तो फोल्डर वरच्या कॉम्प्युटरसाठी उघडा केला.

वायर खिडकीबाहेर लोंबते न लोंबते तोच सोसायटीचे सेक्रेटरी खाली येऊन उभे. इमारतीच्या बाहेरून दोरी, पाईप, तार, वायर काहीही सोडायचं तर अर्ज लागतो, तीन प्रतींत. 'प्रयोजन' या रकान्यात पत्रकवाल्यांनी लिहिलं, "दोन संगणकांमध्ये थेट देवाणघेवाण." सेक्रेटरींनी चष्मा कपाळावर चढवला. "देवाणघेवाण म्हणजे व्यवसाय. इमारतीत व्यवसायाला परवानगी नाही." मग शब्द बदलून 'संपर्क' केला. सेक्रेटरी म्हणाले, "वरचे गेलेत ना? मग संपर्क कुणाशी?" हे ते नियमाच्या भाषेतच विचारत होते, पण पत्रकवाल्यांच्या मानेवर उगाच काटा आला. शेवटी परवानगी मिळाली, रविवारपर्यंतची. जाता जाता सेक्रेटरी वळले. "पण पेन ड्राईव्ह का नाही वापरत?"

दुपारी वहिनी चौदा पानं घेऊन वर गेल्या. पत्रकवाले गॅलरीत मान वर करून उभे. बराच वेळ काहीच आवाज नाही.

"वहिनी, सहावी झाली का?"

"झाली झाली!" वरून आवाज आला.

पत्रकवाल्यांच्या कॉम्प्युटरच्या मागे वायरीपाशी हिरवा दिवा लुकलुकायला लागला. वरचा कॉम्प्युटर काही यादीत दिसेना, पण म्हटलं, जुना आहे, लाजत असेल, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी थोडं सामान घेऊन लेकीकडे गेल्या. तीन दिवसांसाठी. मेन स्विच बंद केला, कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. हे पत्रकवाल्यांच्या बायकोने डोळ्यांनी पाहिलं.

मंगळवारी बरोबर चार वाजता वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली.

लाकडी खुर्ची फरशीवरून ओढल्यावर जसा खर्र आवाज होतो, तसा. एकदाच.

"अगं, वर कोण आहे?"

"कुठे?" बायको भाजी निवडत होती.

"खुर्ची सरकली."

"ती रोजच सरकते चारला. तुम्हाला आज ऐकू आली?"

"रोज? म्हणजे वहिनी—"

"वहिनी चारला इमारतीतल्या बायकांबरोबर फिरायला असतात." बायकोचा हात थांबला. तिने वर बघितलं. मग पुन्हा भाजी निवडायला लागली, पण जरा सावकाश.

पत्रकवाले उठून कॉम्प्युटरपाशी गेले. दुसरं काही सुचलं नाही म्हणून गेले. हिरवा दिवा लुकलुकत होता. त्यांनी 'चाचणी' उघडलं. फाईल चार वाजून दहा मिनिटांनी बदललेली दिसत होती, आणि घड्याळात चार अकरा झाले होते. प्रस्तावनेवर आडवी काट. खाली एक शब्द: "अनावश्यक." संगणकाच्या संक्षिप्त इतिहासावर काट: "अनावश्यक." आणि सहाव्या सूचनेखाली: "ही इथे अडली आहे." अगदी शेवटी, चौदाव्या पानाच्या तळाला: "नजरेखालून गेले."

आता इथे कुणीही शहाणा माणूस काय करेल? ओरडेल, पळेल, निदान देवाचं नाव तरी घेईल. पत्रकवाल्यांचे पाय गार पडले हे खरं, तोंडाला कोरड पडली हेही खरं. पण सगळ्यात आधी त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अनावश्यक? इतिहास अनावश्यक? माणूस मेला तरी खोड जात नाही!" भूत आहे तर असू दे, ते एकवेळ चालवून घेऊ, पण भुताने आपल्या भाषेत ढवळाढवळ करावी?

बायकोने चष्मा लावून पडदाभर वाचलं. "बरोबरच आहे की त्यांचं," ती म्हणाली. "इतिहास कशाला हवाय वायर लावायला?" मग तिचं बोट सहाव्या ओळीवर थांबलं. "अहो, ही 'ही' कोण?"

"कोण ही?"

"'ही इथे अडली आहे.' बायकोला म्हणतात तसं लिहिलंय. वहिनी अडल्यात. फोन करून विचारा ना त्यांना, सहावी कळली का."

"झाली म्हणाल्या ना त्या? मी परत विचारणार नाही. माझ्या पत्रकात लोक अडत नाहीत," पत्रकवाले म्हणाले. त्या माणसाचा अभिमान असा, की तो भुतासमोरही खाली बसायला तयार नव्हता.

बुधवारी त्यांनी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने वायर हलवली, दिवा बघितला, पानं वरखाली केली.

"व्हायरस असेल का हो?" पत्रकवाल्यांनी हळूच विचारलं.

"काका, व्हायरस फाईल खातो, पळवतो, कुलूप लावतो. लिहिलेलं सोपं करणारा व्हायरस अजून निघाला नाही. सापडला तर मला पाठवा, वॉरंटीच्या कागदांवर सोडतो." मग त्याने वायर खिडकीपर्यंत डोळ्यांनी मोजली. "पण तुम्ही पेन ड्राईव्ह का नाही वापरत?"

तो गेला आणि चारला खुर्ची सरकली. चार दहाला धोक्याच्या दोन पानांवर काट: "हिला घाबरवू नका." सहावीखाली पुन्हा: "ही इथेच आहे."

गुरुवारी पत्रकवाल्यांनी निम्मं पत्रक नव्याने लिहिलं. मनात म्हणाले, मी हे कुणाच्या सांगण्यावरून करत नाहीये, मला स्वतःलाच जरा लांब वाटलं. चौदाची सहा पानं झाली. सहावी सूचना मात्र होती तशी ठेवली. चार दहाला सहाची दोन झाली, आणि सहावीखाली तेच. रात्री त्यांना झोप येईना, छताकडे बघत पडून राहिले. त्या माणसाला काय हवं होतं? चौदा महिन्यांनी दुसऱ्याच्या बायकोच्या वायरीसाठी... छे, स्वतःच्याच बायकोच्या वायरीसाठी तो रोज येत होता. आणि आपण? आपल्याला तर त्याच इमारतीतला एक जिना नऊ वर्षांत चढवला नाही. हे मनात आलं आणि पत्रकवाल्यांना एकदम फार वाईट वाटलं. भीतीपेक्षा ते सोसायला जड गेलं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी घाबरून वायर आपल्या कॉम्प्युटरमधून उपटली, गुंडाळी केली आणि खिडकीपाशी ठेवून दिली. आता बघू म्हणाले. चारला खुर्ची सरकली. चार दहाला पडद्यावर आलं:

"वायर काढायची गरज नव्हती. ती वर लागलेलीच नाही. ही अजून सहावरच आहे."

पत्रकवाल्यांनी हे तीनदा वाचलं. मग त्यांनी कॉम्प्युटर बंद केला आणि दिवाणखान्यात बायकोशेजारी येऊन बसले. अगदी जवळ बसले. बायकोने टीव्हीचा आवाज थोडा मोठा केला.

शुक्रवारी संध्याकाळी वहिनी परतल्या. शनिवारी सकाळी पत्रकवाले जिना चढले. नऊ वर्षांत पहिल्यांदा. बारा पायऱ्या, मग वळण, मग अकरा. वहिनींनी दार उघडलं. ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले, कारण आत यायचं नाही अशी अटच होती. पण खिडकी दारातूनच समोर दिसत होती. वायरीचं दुसरं टोक खिडकीच्या गजाला बांधलेलं होतं. नीट दोन गाठी मारून, वर पाऊस लागू नये म्हणून प्लास्टिकची पिशवी गुंडाळून. टेबलावरच्या जुन्या कॉम्प्युटरला कसलीच वायर नव्हती. विजेचीसुद्धा नव्हती.

"वहिनी," पत्रकवाले म्हणाले, "सहावी झाली म्हणालात ना?"

वहिनींचा चेहरा कसनुसा झाला. "भावजी, रागावू नका. त्याच्या मागे नऊ भोकं आहेत. तुम्ही लिहिलं होतं 'योग्य त्या'. आता योग्य कुठलं ते मला कसं कळणार? तुम्ही खाली ताटकळत उभे होतात, इतकी पानं लिहून दिलीत, मला विचारायची लाज वाटली. म्हटलं, वारा येऊन वायर पडू नये, निदान बांधून तरी ठेवावी. लेकीला विचारेन म्हटलं, पण तिला वेळ कुठे."

म्हणजे चार दिवस ती वायर गजाशीच बोलत होती. पत्रकवाल्यांना तो हिरवा दिवा आठवला आणि त्यांनी दाराची चौकट घट्ट धरली. पण वहिनींना ते काही बोलले नाहीत. वहिनी अजून मान खाली घालून उभ्या होत्या, पत्रक न कळलेल्या माणसासारख्या. आयुष्यात पहिल्यांदा पत्रकवाल्यांनी तसा चेहरा समोर बघितला. खोक्यातल्या कागदामागे किती जण असे उभे राहिले असतील, कुणास ठाऊक.

"तुमचं काही चुकलं नाही," ते म्हणाले. "माझं चुकलं. उद्यापर्यंत नीट लिहून देतो."

खाली येऊन ते लिहायला बसले. तदनंतर गेलं, द्वितीय गेलं, प्रस्थापित गेलं. प्रत्येक ओळ लिहिली की बायकोला वाचून दाखवायची आणि विचारायचं, "कळलं?" बायको म्हणायची, "नाही." मग परत. तीन वाजेपर्यंत सात ओळी उरल्या. 'दोन्ही कॉम्प्युटर एकाच टेबलावर ठेवा.' 'जुन्याच्या मागे पंख्याची जाळी आहे, तिच्या खाली टेलिफोनच्या भोकासारखं पण थोडं मोठं भोक आहे, त्यात वायर खोचा. टक् असा आवाज आला पाहिजे.' कॉम्प्युटरला नंबर द्यायची भानगड त्यांनी शेजारपाजारच्या घरांचे नंबर असतात तशी सांगितली, जुन्याला एक, नव्याला दोन. सातवी ओळ होती: 'सगळं नव्यात आलं की आधी एक उघडून बघा. घाई करू नका.'

सात ओळींचा कागद त्यांनी छापून घेतला. मग बायको आत गेल्यावर फाईलमध्ये आठवी ओळ लिहिली. ती छापली नाही, कुणाला दाखवली नाही. फक्त ठेवून दिली.

चारच्या सुमाराला वहिनी निरोपाच्या गप्पा मारायला खाली आल्या होत्या. दोघी बायका चहा घेत होत्या. वर घराला कुलूप होतं, किल्ली वहिनींच्या कमरेला. डोक्यावर खर्र आवाज झाला. पत्रकवाल्यांची बायको पांढरी पडली. वहिनींनी मात्र वर बघितलं आणि कपातला शेवटचा घोट घेतला.

"चार वाजले वाटतं," त्या म्हणाल्या.

पत्रकवाले पडद्यासमोर बसून होते. चार दहा झाले. चार वीस. पाच वाजले. फाईल होती तशीच. ना काट, ना शेरा. आठवी ओळ तशीच उघडी पडलेली. नाही आवडलं त्याला, पत्रकवाले मनात म्हणाले. मेल्यावर कळवून काय उपयोग! त्या रात्री ते नीट जेवले नाहीत.

रविवारी ट्रक तीनला आला. हमाल सामान उतरवत होते. वहिनींनी टेबलाला, दोन्ही कॉम्प्युटरना आणि एका लाकडी खुर्चीला हात लावू दिला नव्हता. भंगारवाला जिन्यात बसून विड्या मोजत होता. पत्रकवाले ठरल्याप्रमाणे दाराबाहेर, पाठ फिरवून उभे होते. सेक्रेटरी वायरीची मुदत संपली का बघायला आले होते, तेही थांबले.

आतून कागदाची सळसळ. मग वहिनींचा आवाज, स्वतःशीच वाचल्यासारखा. "पंख्याची जाळी... तिच्या खाली..." आणि मग स्पष्ट: टक्.

पत्रकवाल्यांनी डोळे मिटले.

थोड्या वेळाने वहिनी म्हणाल्या, "येतंय हो! पट्टी भरतेय! भावजी, येतंय!" त्या लहान मुलीसारख्या हसत होत्या. दोनशे बारा फाईली आल्या. सातव्या ओळीप्रमाणे त्यांनी एक उघडली. मग दुसरी.

"मिक्सर!" त्या शेवटी म्हणाल्या. "भावजी, हे तर मिक्सरचं पत्रक आहे. ही इस्त्री. हा गिझर. तुमची पत्रकं आहेत सगळी! मला वाटलं, माझ्यावर... दोन वर्षं दार लावून ह्या माणसाने मिक्सर लिहिला?"

पत्रकवाल्यांना पाठ फिरवून उभं राहणं कठीण झालं. त्यांची एकतीस वर्षांची पत्रकं, अबोल्याच्या काळातलीसुद्धा. कुठल्या खोक्यांतून, कुणाच्या टेबलांखालून गोळा केली असतील!

"थांबा," वहिनी म्हणाल्या. आवाज बदलला होता. "इथे खाली लिहिलंय. 'हिला वाचून दाखवले. हिला कळले नाही. बदलले.' आणि ह्याच्यात, 'हिला कळले.' सगळ्यांत आहे. रात्री मला वाचून दाखवायचे आणि विचारायचे, तुला कळतं का गं? मला वाटायचं, वेळ जात नाही म्हणून विचारतात." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "मी आहे की हो यात. सगळ्यांत आहे."

जिन्यात कुणी हललं नाही. सेक्रेटरीसुद्धा.

"आणि ही शेवटची, कालची तारीख आहे, चार वाजून दहा," वहिनी म्हणाल्या. "तुमचंच कालचं पत्रक. पण भावजी, माझ्या कागदावर सात ओळी आहेत. इथे आठ आहेत. 'गळती आमच्याच नळीची होती. नऊ वर्षं सांगितलं नाही. चुकलं.'"

पत्रकवाल्यांचे कान तापले. चार माणसांसमोर! पण आता काय लपवायचं. "खरं आहे वहिनी," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "आमच्याच गिझरची होती."

"ते आम्हाला तेव्हाच कळलं होतं. प्लंबर खाली तुमच्याकडे चहा प्यायला आणि वर येऊन आमच्याकडेही प्यायला." त्या पुन्हा पडद्याकडे वळल्या. "आठवीवर काट आहे. पुढे लिहिलंय, 'अनावश्यक.' आणि खाली, नजरेखालून गेले."

पत्रकवाले वळले. अट होती, तरी वळले. "माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"मी म्हणायचे, जा, सांगून टाका. हे म्हणायचे, नको, येईल तो. बोलायला जमणार नाही त्याला, लिहून आणेल. रोज चारला खुर्ची दाराकडे वळवून बसायचे. दहा मिनिटं वाट बघायचे, मग उठून कॉम्प्युटर लावायचे."

पत्रकवाल्यांनी उंबरा ओलांडला. रिकाम्या खोलीत टेबलाशेजारी ती लाकडी खुर्ची तेवढी उरली होती, दाराकडे तोंड करून. हमालाने घड्याळाकडे बघितलं, चार वाजत आले होते, आणि तो खुर्ची उचलायला वाकला.

"ही राहू दे," पत्रकवाले म्हणाले. "दहा मिनिटं राहू दे."